फुफाट्याच्या वरची हवा

चकलांब्यात बाई जीप चालवते याचं नवल पंधरा दिवस टिकलं. पहिल्या दिवशी चौकातल्या हॉटेलापुढची माणसं चहाच्या कपासकट उभी राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बसूनच बघितलं. महिनाभरानं तर शिवकांताची जीप गेली म्हणजे साडेसहा वाजले, असं लोक धरून चालू लागले. मागची बाकडी काढून टाकलेली, तिथं दुधाच्या कॅन दोरीनं आवळून बांधलेल्या, आणि पुढं डोक्यावरचा पदर कानामागं खोचून बसलेली शिवकांता. हॉर्न ती फारसा वाजवायची नाही. इंजिनचा आवाजच एवढा होता की त्याची गरज पडत नसे.

तिचं माहेर माजलगावचं. वडील शिवलिंगप्पा यांचं मोंढ्याच्या कडेला मोटारी आणि डिझेल इंजिनच्या सामानाचं दुकान. धरणाचं पाणी उसाला खेळत होतं तोवर त्या दुकानात सकाळपासून शेतकऱ्यांची रीघ असायची. शिवकांता शाळेतून आली की गल्ल्यापाशी बसायची. कुणी इंजिनच्या जोडात घालायचं गासकिट मागितलं की नुसतं बोट फिरवून सांगायची, हे सहा सुताचं, हे नाही बसायचं तुमच्या पंपाला. आप्पा कौतुकानं गिऱ्हाइकाला म्हणायचे, "पोरीच्या बोटातच मोजपट्टी हाय."

लग्न होऊन ती चकलांब्याला आली ती पंडितच्या घरी. चार एकर रान, एक विहीर, सासू नीलाबाई आणि पंडितनं जुनी घेतलेली जीप. पंडित चकलांबा ते गेवराई वडाप करायचा, जीपमधून भाड्यानं माणसं न्यायचा-आणायचा. रान पडीक असलं की संध्याकाळी तो शिवकांताला जीपमध्ये बसवायचा आणि रानातल्या रानात चालवायला शिकवायचा. गंमत म्हणून सुरू झालं, पण तिनं गमतीत सोडलं नाही. बीडला जाऊन लायसन काढलं. दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली.

मग सलग दोन पावसाळे कोरडे गेले. दोन हजार बाराच्या दिवाळीत विहिरीचा तळ उघडा पडला. उसाला तोडच नाही म्हटल्यावर कारखान्याची धुराडी यंदा पेटतात का नाही तेच कळेना. वडापला गिऱ्हाईक उरलं नाही, कारण गावच अर्धं उठून गेलं होतं. पंडितला पुण्यात एका कंपनीच्या गेटवर काम मिळालं. जाताना तो म्हणाला, "जीप विकून टाकू."

शिवकांता म्हणाली, "तुमी जा. जीप राहू द्या."

"कावून? कोण चालवणार?"

"मी."

पंडितनं आईकडं बघितलं. नीलाबाई शेंगा फोडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "चालवू दे की. तूच शिकवलीस न्हवं?"

गावात दुधाची सोसायटी होती. दुष्काळात रानानं हात वर केले तसा गावाचा सगळा भार म्हशींवर आला. चारा विकत आणून, पाणी टँकरचं पाजून लोक जनावरं जगवत होते, आणि त्या दुधावर घरं चालली होती. सोसायटीचे चेअरमन कल्याणराव. साठीचे, पांढरं धोतर, बोलणं तोलूनमापून. दूध गेवराईच्या शीतकरण केंद्रात नेणारा जुना टेम्पोवाला गाव सोडून गेल्यावर शिवकांता त्यांच्याकडं गेली आणि म्हणाली, "मामा, दूध मी नेते." दुसरं कुणी नव्हतंच, म्हणून कल्याणराव हो म्हणाले. ती खालची वस्ती, तांडा आणि चकलांबा अशी तीन ठिकाणची दुधं गोळा करून नऊच्या आत केंद्रावर पोचवू लागली.

चार महिने सुरळीत गेले. मग उन्हाळा लागला आणि रस्ता पिठासारखा झाला.

खालच्या वस्तीपासून डांबरी सडकेपर्यंतचा सगळा रस्ता कच्चा होता. त्यात ओढा खोल करायचं काम निघालं. माती वाहणारे ट्रॅक्टर, पाण्याचे टँकर, जनावरांच्या छावणीवर चारा नेणारे ट्रक, सगळे त्याच वाटेनं. चाकं घोट्याएवढी फुफाट्यात बुडायची. एक टँकर पुढून गेला की पाच मिनिटं पुढचं काही दिसायचं नाही. शिवकांता घरी आली की पापण्यांपासून पावलांपर्यंत एका रंगाची झालेली असायची.

जीपनं आधी ओढ कमी केली. चढावर दुसऱ्या गिअरवर जायची तिथं पहिला घालावा लागे. मग काळा धूर. मग एके दिवशी ओढ्याच्या उतारावरून वर चढताना ती खोकली, थरथरली आणि बंद पडली. शिवकांतानं उतरून बॉनेट उघडलं, हवा गाळणाऱ्या फिल्टरचा डबा खोलला, आतला कागदी फिल्टर काढून चाकावर आपटला. माती बदाबदा सांडली. जीप चालू झाली, पण ऊन वर आलं होतं. केंद्रावर पोचायला साडेदहा झाले. तिथल्या तपासनिसानं परीक्षानळीत दूध घेऊन उकळलं. नळीत चोथा आणि पाणी वेगळं झालं. त्यानं मान हलवली.

अकरा कॅन परत. त्याच आठवड्यात दुसऱ्यांदा तसंच झालं.

दुसऱ्या वेळी परत आलेलं दूध सोसायटीच्या दारात उतरवताना वच्छलाबाई उभी होती. एकटी बाई, एकच म्हैस, सकाळचं तीन लिटर.  तिनं आपलं दूध होतं त्या कॅनचं झाकण उघडून आत बघितलं, वास घेतला आणि झाकण हळूच परत लावलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर शिवकांताला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी कल्याणरावांनी बोलावलं.

"सूनबाई, तुझ्या कष्टाबद्दल माझं काही म्हणणं न्हाई," ते म्हणाले. "पण दोनदा दूध नासलं. केंद्रावरून निरोप आलाय, तिसऱ्यांदा झालं तर आपल्या गावचा रूटच बंद करतील. बायांनी मग दूध न्यायचं कुठं? माझ्या पुतण्याचा टेम्पो हाय. नवा हाय."

"मामा, मला सोमवारपर्यंत वेळ द्या."

"सोमवारी काय होणार हाय?"

"जीप थांबणार न्हाई."

"पुतण्याला काम द्यायचं म्हणून मी बोलतोय असं लोक म्हणतील, ते मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "तसं न्हाई. दूध पोचलं पाहिजे, एवढंच. सोमवारी मिटिंग हाय. तोवर बघ."

तो दिवस बुधवार होता.

गुरुवारी दूध टाकून ती थेट मुंजाजीच्या गॅरेजवर गेली. मुंजाजी गेवराईच्या नाक्यावरचा जुना मेस्त्री. पंडितची जीप त्याच्याच हाताखालून गेलेली. त्यानं फिल्टरचा डबा खोलला, वाकून आत बोट घातलं आणि बोटाचं टोक तिच्यापुढं धरलं.

"बघा ताई. ह्ये इंजिन दूध न्हाई, माती वाहायलंय."

"फिल्टर रोज झाडते मी. दोनदा झाडते."

"फिल्टरचा दोष न्हाई. तोंड कुठं हाय बघा त्याचं." त्यानं बोटानं दाखवलं. हवा घेणारं तोंड रेडिएटरच्या बाजूला, चाकाच्या अगदी वर. "चाक फुफाटा उडवतंय आणि ह्ये त्यालाच तोंड लावून बसलंय. कागदानं किती गाळावं? आणखी दोन महिने असंच चाललं तर माती बोअर, म्हंजी सिलिंडरची आतली भिंत, खाऊन टाकील. मग इंजिन काढायचं आणि भंगारात घालायचं."

"मग तोंड वर नेलं तर?"

मुंजाजी हसला. "शहरात नव्या गाड्यांना मिळतात तसले तयार नळे. पाण्यातून गाडी घालणारे हौशी लोक लावतात. तुमच्या जीपला कुणी बनवत न्हाई."

शिवकांता त्याच्या खांद्यावरून मागं बघत होती. गॅरेजच्या कडेला एक जुना ट्रॅक्टर चाकं काढून ठेवला होता. त्याच्या बॉनेटमधून एक नळी वर आली होती आणि नळीच्या डोक्यावर छत्रीसारखी टोपी, टोपीखाली काचेसारखी पारदर्शक वाटी. हे भांडं तिनं आप्पाच्या दुकानात कितीदा पुसून फळीवर मांडलं होतं. हवा आत जाताना त्यात गरगर फिरते, जड माती बाजूला फेकली जाते आणि वाटीत साठते. वाटी भरली की काढून ओतून टाकायची.

"ते देता का?"

"ते? घेऊन जा. ट्रॅक्टर भंगारातच चाललाय." मग एकदम सावध होऊन तो म्हणाला, "पण मी हात लावणार न्हाई बरं का. पत्रा कापावा लागतो. चुकलं तर पंडित मला सोडायचा न्हाई. त्यात सोमवारपर्यंत तर मला नाक शिंकायला सवड न्हाई."

"तुमी नका लावू. मला फक्त सांगा, नळी किती इंची?"

"अडीचच्या खाली न्हाई. बारीक लावली तर जीव गुदमरंल तिचा."

घरी आल्यावर तिनं जीप निंबाखाली लावली आणि हातपाय धुऊन, भाकरी खाऊन कामाला बसली. सकाळी दूध होतं, संध्याकाळी घरच्या म्हशीच्या धारा होत्या. मधले दहा ते चार एवढेच तास तिचे. सावली सरकेल तशी जीप पुढं ढकलायची आणि परत काम.

आधी तिनं नुसतं बघितलं. सायलेन्सर डाव्या अंगाला, फिल्टर उजव्या. म्हणजे नळी उजवीकडूनच न्यायची, गरम लोखंडापासून लांब. बॉनेट कापायचं नाही, तिथून पाणी उतरेल. बाजूच्या पत्र्यातून बाहेर काढायची आणि काचेच्या चौकटीला धरून टपापर्यंत वर न्यायची. तिनं नळीचा तुकडा पत्र्यावर टेकवला आणि खडूनं गोल काढला. मग हातातली छन्नी त्या गोलावर ठेवली आणि तशीच थांबली.

जीप तिच्या नावावर नव्हती. चार एकर रानाच्या बरोबरीनं पंडितनं जपलेली वस्तू. एकदा भोक पडलं की ते बुजणार नव्हतं.

नीलाबाई उंबऱ्यात बसून बघत होत्या. "काय गं, थांबलीस कावून?"

"आत्याबाई, पत्रा कापायचा हाय."

"मग काप की. त्याला काय विचारायचं? मोठं पडलं तर फडकं लावून शिवता येत न्हाई म्हणून बारीक काप आधी, मग वाढव. चोळीचा गळा असाच कापत्यात."

शिवकांताला हसू आलं. तिनं खडूच्या रेघेच्या आतून बारीक भोकांची माळ पाडली, छन्नीनं भोकं एकमेकांना जोडली, गोल तुकडा खाली पडला. मग कानस घेऊन कडा घासत बसली. पत्र्याची धार राहिली तर नळी कापली जाईल. दोन तास नुसतं घासणं. हाताला फोड आला तेव्हा तिनं फडकं गुंडाळलं.

पाण्याच्या पाइपाचे दोन कोपरे, एक सरळ तुकडा आणि फिल्टरच्या तोंडाशी जोडायला घरात पडलेला रबरी नळीचा मऊ तुकडा, असं जुळवून शुक्रवारी दुपारी नळा उभा राहिला. टोकाला ट्रॅक्टरची वाटी. लांबून जीप अशी दिसत होती जणू तिनं एक हात वर केलाय. शिवकांतानं किल्ली फिरवली. इंजिन लागलं, छान घुमलं. तिनं पाय दाबला आणि इंजिन मेलं.

परत लावलं. हळू असताना चांगलं, पाय दाबला की मेलं.

चार वेळा तसंच झाल्यावर तिनं नीलाबाईंना बोलावलं. "आत्याबाई, तुमी आत बसा आणि मी सांगितल्यावर पायाखालचा ह्यो दांडा दाबा." नीलाबाईंनी लुगडं सावरलं, शंकराचं नाव घेतलं आणि दांडा असा दाबला की निंबावरचे कावळे उडाले. शिवकांता बॉनेटखाली वाकलेली होती. तिला दिसलं. इंजिननं जोरात हवा ओढली की मऊ रबरी तुकडा चपटा होत होता. दोन्ही ओठ मिटावेत तसा. हवा जायला जागाच राहत नव्हती.

"बास, सोडा!"

"बंद पडली का माझ्या हातून?"

"न्हाई, तुमी बरोबर केलं. मला सापडलं."

सापडलं होतं, पण चपटी न होणारी, तरी वाकणारी अडीच इंची नळी आणायची कुठून? ती पायरीवर बसली. आप्पाच्या दुकानात कोणत्या फळीवर काय होतं ते एकेक आठवू लागली. मऊ नळ्या खालच्या कप्प्यात. कडक पाइप भिंतीला उभे. आणि ज्यांच्या अंगातच कडं फिरवलेलं असतं, ज्यांनी विहिरीचं पाणी वर ओढलं तरी पोट आत जात नाही, ते सक्शनचे पाइप दारात वेटोळं घालून.

ती उठली आणि विहिरीकडं निघाली. विहिरीवर इंजिन होतं, पाइपही होता. टोकाचा व्हॉल्व्ह कोरड्या खडकावर टेकला होता. तिनं पाइप वर ओढून घेतला. लांबीच्या लांब हिरवा पाइप, उन्हानं थोडा पांढरा पडलेला. चांगला भाग निवडून तिनं सात फूट कापून घेतला. विहिरीला पाणी आलं तर तेवढा कमी पडेल, हा विचार तिच्या मनात आला. तेव्हाचं तेव्हा बघू म्हणून तिनं पाइप खांद्यावर टाकला.

आता कोपरे नकोत, तुकडे नकोत. फिल्टरच्या तोंडापासून टपापर्यंत एकच सलग पाइप. पत्र्याच्या भोकात ट्यूबची रबरी पट्टी, काचेच्या चौकटीला दोन ठिकाणी लोखंडी पट्ट्या, वर वाटी. नीलाबाईंनी परत दांडा दाबला. ह्या वेळी जीप गरजली आणि गरजतच राहिली.

शनिवारी ती नवा नळा घेऊन दूध टाकून आली. ओढ चांगली होती. पण मुंजाजीनं जाता जाता सांगितलेली एक गोष्ट तिच्या डोक्यात होती. फिल्टरच्या पुढं, इंजिनच्या तोंडात आतून ग्रीसचं एक बोट फिरवायचं. एका खेपेनंतर बघायचं. ग्रीस स्वच्छ तर सगळं ठीक. तिनं निघताना ते केलं होतं. आता खोलून बघितलं. फिल्टर पांढरा, पण ग्रीसवर तांबूस थर.

फिल्टर स्वच्छ आणि त्याच्या पुढं माती? मग माती कुठून आली?

शेजारचा माणूस असता तर म्हणाला असता, जाऊ दे, एवढी तर येणारच. शिवकांतानं फिल्टरपासून इंजिनपर्यंतचा एकेक जोड खोलायला घेतला. दोन जोड ठीक होते. तिसरा म्हणजे फिल्टरचा डबा आणि इंजिन यांच्यामधला वळणाचा जुना रबरी बाक, गाडीबरोबरच आलेला. वरून नव्यासारखा. तिनं तो काढून उन्हात धरला आणि दोन्ही अंगठ्यांनी उलटा वाकवला. खालच्या बाजूला, जिथं बोट सहज पोचत नाही, नखाएवढी चीर उघडली.

म्हणजे हे आजचं नव्हतं. किती महिने फिल्टर झाडत होती ती, आणि इंजिन मात्र ह्या चिरेतून गाळल्याशिवायची माती पीत होतं. नळा बसवून वर नवा फिल्टर घातला असता तरी काही उपयोग नव्हता. तिला आधी राग आला, मग एकदम हलकं वाटलं. खरा चोर आत्ता हाताला लागला होता.

रविवारी सक्शन पाइपाचाच एक तुकडा, आत ट्रॅक्टरच्या ट्यूबचं कडं, दोन्ही टोकांना नवे क्लॅम्प. तिनं पाना एवढा आवळला की तळहातावर वळ उठला. परत ग्रीस लावलं. संध्याकाळी रिकामी जीप घेऊन ती मुद्दाम ओढ्यापर्यंत जाऊन आली, टँकरच्या मागं मागं. खोललं तेव्हा ग्रीस लावलं तसंच होतं, मळकं पिवळं, चकचकीत. तिनं ते बोटानं पुसलं, बोट नीलाबाईंना दाखवलं.

"काय हाय त्यात?" नीलाबाई म्हणाल्या.

"काहीच न्हाई, आत्याबाई."

"मग दाखवतीस कशाला?"

सोमवार उजाडला तो वाऱ्याचा. तांड्यावरचं दूध भरेपर्यंत सात वाजून गेले, कारण तिथं टँकर आला होता आणि बाया हंडे सोडून कॅनपाशी यायला तयार नव्हत्या. ओढ्याच्या अलीकडं आणखी वाईट. दोन टँकर पुढं, त्यांच्यापुढं मातीचे तीन ट्रॅक्टर, आणि त्यांच्या मागं फुफाट्याची भिंत. एरवी असं झालं की ती बाजूला थांबायची, धूळ बसू द्यायची. आज थांबली असती तर नऊ वाजले असते.

तिनं पदर नाकावरून घट्ट बांधला, दिवे लावले आणि आत शिरली. समोरचं काहीच दिसत नव्हतं. टँकरच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून ती पहिल्या गिअरवर चढू लागली. कान मात्र इंजिनवर. खोकेल का? आता खोकेल का? उजव्या कानाशी नळ्यातून हवा ओढल्याचा एकसारखा आवाज येत होता, शीळ घातल्यासारखा. चढाच्या मध्यावर, मागच्या वेळी जिथं जीप मेली होती, तिथं तिनं पाय आणखी दाबला. जीपनं कॅन हिसका देऊन उचलल्या आणि वर आली. डांबरी लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण दात आवळून धरलेत.

केंद्रावर पोचली तेव्हा नऊला दहा मिनिटं होती. तपासनिसानं दूध उकळलं. नळी वर धरून उजेडात बघितली. एकसंध पांढरं. "घ्या आत," तो म्हणाला.

शिवकांता बाहेर आली आणि टपावर हात घालून वाटी काढली. वाटी तीन बोटं मातीनं भरली होती. तिनं ती केंद्राच्या भिंतीपाशी उपडी केली आणि फडक्यानं पुसून परत बसवली.

सायंकाळच्या मिटिंगला ती सोसायटीच्या ओट्यावर बायांमध्ये बसली. कल्याणरावांनी विषय काढला. पुतण्याही आला होता, टेम्पो बाहेर उभा होता. कल्याणराव पुढं बोलायच्या आत वच्छलाबाई उठून उभी राहिली. मिटिंगमध्ये ती कधी बोलली नव्हती.

"माझं दूध दोनदा नासलं," ती म्हणाली. "चार दिवस मी हिच्याशी बोलले न्हाई. पण ही बाई दुपारच्या उन्हात पत्रा घासत बसलेली मी माझ्या दारातून बघितली. आज दूध पोचलं. माझं दूध हिच्याच गाडीत जाईल. बाकीच्यांचं बाकीच्यांनी बघावं."

ओट्यावर थोडी कुजबुज झाली. कल्याणरावांनी केंद्राची पावती चष्म्याजवळ धरून वाचली, घडी घातली. "दूध वेळेत पोचलं," ते म्हणाले. "विषय संपला. पुढचा विषय घ्या." पुतण्या जरा घुटमळला आणि टेम्पो घेऊन गेला.

पुढं मे महिन्यात निम्म्या म्हशी चारा छावणीवर गेल्या. दूध आता छावणीतूनच भरावं लागे आणि तिथला रस्ता आणखी वाईट. शिवकांताची जीप रोज गेली. तिच्याकडं बघून आधी धुळाजी नावाचा टँकरवाला आला, मग चारा वाहणारे दोघं, मग आणखी. सगळ्यांना तसा नळा पाहिजे होता. शिवकांतानं एकालाही बसवून दिला नाही. ती निंबाखाली खाट टाकून बसायची आणि सांगायची. "खडूनं गोल काढा. आता बारीक कापा. धार मारा कडेची, नुसतं हो म्हणू नका, बोट फिरवून बघा." धुळाजी कानस घासून घासून वैतागला तेव्हा म्हणाला, "ताई, तुमी दोन मिनिटांत कराल ते." ती म्हणाली, "वाटेत बंद पडली तर मी येणार हाय का तुमच्या मागं?"

ज्येष्ठात पंडित चार दिवसांच्या सुट्टीवर आला. बस थांब्यावर उतरून घराकडं येताना त्याला आधी निंबाच्या पानांतून वर आलेली वाटी दिसली. मग नळा. मग पत्र्यातलं भोक. तो जीपभोवती दोनदा फिरला. शिवकांता दारात उभी होती. 

"हे कुणी केलं?"

"मी."

"मुंजाजीनं हात लावला न्हाई?"

"न्हाई. ते म्हणाले, तुमी त्यांना सोडणार न्हाई."

पंडितनं किल्ली मागितली. तो एकटाच जीप घेऊन गेला आणि अर्ध्या तासानं आला. त्याचे केस, भुवया सगळं मातीनं माखलं होतं. उतरून त्यानं बॉनेट उघडलं, कितीतरी वेळ वाकून बघत राहिला. मग नळ्यावर हात ठेवून म्हणाला, "आपल्या विहिरीचा पाइप दिसतोय ह्यो."

"सात फूट कापला. पाणी आलं तर नवा घ्यावा लागंल."

"घेऊ." त्यानं बॉनेट मिटलं. "मी असतो तर विकली असती गं जीप."

 शिवकांतानं त्याला हातपाय धुवायला तांब्याभर पाणी दिलं. त्या दिवसांत तांब्याभर म्हणजे तांब्याभरच.

पंडित पुण्याला परत गेला, पुढच्या वर्षी कायमचा आला. त्यानं रान धरलं. जीप शिवकांताकडंच राहिली. त्याबद्दल त्या दोघांत कधी वेगळं बोलणं झालं नाही. पंधरा साली परत दुष्काळ पडला, आधीपेक्षा वाईट. त्या उन्हाळ्यात जीप रेडिएटरचं पाणी पिऊ लागली म्हणून तिनं ती मुंजाजीकडं नेली. हेड गासकिट गेलं होतं. तिचं दूध टाकून झाल्यावर दुपारी मुंजाजीनं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उचललं आणि आत नजर टाकली. मग त्यानं हाताचा मळ पुसला, एकेका सिलिंडरमध्ये नख घालून वरून खाली ओढलं. चारी सिलिंडर तसे केले.

"नख अडकत न्हाई कुठं, मातीचा ओरखडाच न्हाई," तो म्हणाला. "ताई, मी नाक्यावर एवढी इंजिनं खोलली. ह्या रस्त्यावरच्या गाडीचं इंजिन असं राहत न्हाई."

शिवकांतानंही वाकून नख फिरवलं. गुळगुळीत. तिनं बोट पदराला पुसलं आणि नवं गासकिट हातात घेऊन उजेडात मापून बघितलं.

"हे बसतंय," ती म्हणाली. "मुंजाजीभाऊ, पाचच्या आत बंद करा. आता सांजेचंबी दूध नेते मी, खालच्या वस्तीवर बाया कॅन घेऊन थांबतात."